कोणतं काम लागावं? प्रादेशिक कलाप्रदर्शनातल्या निवडीचा आढावा

एखाद्या वार्षिक कलाप्रदर्शनाची प्रवेशिका हातात पडली की चित्रकारांमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : यंदा परीक्षक कोण? नियमावली, मापं, प्रवेशशुल्क या गोष्टी नंतर येतात. परीक्षकांचा नुसता अंदाज आला तरी कोणतं काम पाठवायचं, निसर्गचित्र की अमूर्त, हे ठरतं आणि काही वेळा पाठवायचंच नाही हेही ठरतं. हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो, कारण निवड कामाइतकीच ते पाहणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून असते हे सगळ्यांनी मनोमन मान्य केलेलं आहे. ती किती प्रमाणात तशी असावी आणि तिला कोणत्या नियमांत बसवावं, यावर मात्र अजून एकमत नाही.

एका ठरावीक प्रदेशातल्या कलावंतांकडून खुल्या प्रवेशिका मागवायच्या आणि परीक्षक मंडळाने त्यांतून निवड करून प्रदर्शन लावायचं, या पद्धतीचा हा आढावा आहे. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थांची वार्षिक प्रदर्शनं, कॅमल आर्ट फाउंडेशनची विभागवार प्रदर्शनं ही आपल्या परिचयाची उदाहरणं. आमंत्रितांची प्रदर्शनं, दालनांची व्यावसायिक प्रदर्शनं आणि एकल प्रदर्शनं यांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे ती इथे घेतलेली नाहीत.

पॅरिस आणि लंडन

परीक्षक मंडळाची प्रथा आपण युरोपातून घेतली, त्यामुळे तिथले वाद आधी पाहायला हवेत. फ्रान्सच्या राजमान्य कला अकादमीने १६६७ मध्ये आपल्या सभासदांच्या कामांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. सलॉन या नावाने ते पुढे ओळखलं गेलं. १७४८ पासून तिथे निवड समिती आली. पुढच्या शतकात सलॉनला इतकं वजन आलं की तिथे काम लागलं नाही तर ग्राहक मिळणं आणि शासकीय कामं मिळणं दुरापास्त होई. १८४८ च्या क्रांतीनंतर एका वर्षी समितीच रद्द केली गेली आणि पाच हजारांहून अधिक कामं भिंतींवर चढली. एवढ्या गर्दीत कोणाचंच काम धड दिसेना, अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी निवड परत आली.

१८६३ ची घटना सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षी आलेल्या सुमारे ५,००० कामांपैकी निम्म्याहून अधिक नाकारली गेली. तक्रारी वाढल्यावर तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायची परवानगी दिली. माने, व्हिस्लर, पिसारो, सेझान यांची कामं त्यात होती. निवड समिती काळाच्या मागे असते याचा पुरावा म्हणून हे उदाहरण नेहमी दिलं जातं. ते खरं असलं तरी अपुरं आहे. त्याच दालनात आज कोणालाही न आठवणारी शेकडो कामंही होती. नाकारलेल्यांत माने होता, म्हणून नाकारलेलं प्रत्येक काम मानेचं ठरत नाही. दुसऱ्या बाजूला, समितीने शेकडो कामांबाबत बरोबर निर्णय घेतला म्हणून मानेबाबतची चूक लहान होत नाही. वादाच्या दोन्ही बाजू या एकाच घटनेतून आपापला पुरावा उचलतात.

१८८४ मध्ये पॅरिसच्या स्वतंत्र कलावंतांनी परीक्षक नाहीत आणि पारितोषिकंही नाहीत या तत्त्वावर संस्था काढली. हेच तत्त्व न्यूयॉर्कच्या सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्‌सने १९१७ मध्ये स्वीकारलं. सहा डॉलर भरणाऱ्या कोणाचंही काम लागेल असं जाहीर झालं. मार्सेल द्युशाँने आर. मट या नावाने चिनी मातीचं मुत्रीपात्र पाठवलं, ते लावलं गेलं नाही आणि द्युशाँने संचालक मंडळाचा राजीनामा दिला. समिती नसलेल्या प्रदर्शनातही शेवटी कोणीतरी निवड केलीच.

लंडनच्या रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दर वर्षी भरतं. तिथली एक पद्धत आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समिती कामांवर स्वीकृत आणि नाकारलेलं याखेरीज ‘शंकास्पद’ असाही शेरा देते. अशी कामं बाजूला राहतात आणि पुन्हा पाहिली जातात. पहिल्या नजरेला जे उमगलं नाही त्याला दुसरी नजर मिळते. ही साधी सोय आपल्याकडच्या फार थोड्या प्रदर्शनांत दिसते.

मुंबई : नकार, सुवर्णपदक आणि गट

बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. सुरुवातीला तिच्यावर इंग्रज अधिकारी आणि हौशी चित्रकारांचा प्रभाव होता, पण जे. जे. स्कूलमधून बाहेर पडणाऱ्या भारतीय चित्रकारांना नाव मिळवायला तेच मोठं व्यासपीठ होतं. महादेव विश्वनाथ धुरंधर यांना १८९५ मध्ये तिथलं सुवर्णपदक मिळालं. पुढची काही दशकं सोसायटीचं पदक आणि चित्रकाराची प्रतिष्ठा यांचं नातं घट्ट राहिलं.

एकाच चित्रकाराकडे दोन समित्या किती वेगळ्या नजरेने पाहतात, हे अमृता शेरगिल यांच्या बाबतीत दिसतं. १९३५ मध्ये सिमल्याच्या फाइन आर्ट्स सोसायटीने त्यांची काही चित्रं नाकारली आणि एकाला पारितोषिक दिलं. त्यांनी ते परत केलं. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक मिळालं. दोन वर्षांत त्यांची शैलीही पुढे सरकली होती, हे लक्षात घेऊनही समित्यांमधला फरक नजरेत भरतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास कृष्णाजी हौळाजी आरा यांचं स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचं मोठं चित्र सोसायटीच्या समितीने नाकारलं आणि त्या रागातून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुपची कल्पना पुढे आली, अशी हकिकत सांगितली जाते. १९४७ मध्ये सुझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांचा हा गट उभा राहिला. या हकिकतीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९४९ मध्ये गटाचं मुंबईतलं प्रदर्शन भरलं ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलॉनमध्ये, आणि १९५२ मध्ये आरा यांना सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. संस्था आणि तिने नाकारलेले कलावंत यांचं नातं कायमच्या वैराचं नव्हतं. एका शहरात पर्यायी जागा थोड्या असल्या की भांडणही त्याच दालनात होतं आणि समेटही तिथेच होतो.

१९५४ मध्ये ललित कला अकादमी स्थापन झाल्यावर निवडीत शासन आलं. राष्ट्रीय प्रदर्शनं सुरू झाली, राज्याराज्यांत त्यांचे अवतार निघाले, महाराष्ट्रात कला संचालनालयाकडे राज्य प्रदर्शनाची जबाबदारी आली. खासगी संस्थेचा निर्णय न पटला तर कलावंत वेगळी संस्था काढू शकतो. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रदर्शनात मात्र नाकारलेला माणूस नागरिक म्हणूनही प्रश्न विचारतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत ललित कला अकादमीच्या कारभाराविरुद्ध चित्रकारांनी आंदोलन केलं तेव्हा समित्यांवर कोण बसतं आणि त्यांना कोण नेमतं हा त्याचा गाभा होता. अकादम्यांच्या कारभाराचा विचार करणाऱ्या खोसला समितीचा अहवाल याच काळातला.

चाळणी कशी चालते

प्रत्यक्ष काम दमवणारं असतं. समजा ८०० प्रवेशिका आल्या आणि प्रत्येकीला एक मिनिट दिलं, तर नुसतं पाहायलाच तेरा तासांहून अधिक लागतात. चर्चेचा वेळ त्यात धरलेला नाही. म्हणून पहिली फेरी झपाट्याने होते, हात वर करून किंवा हो-नाही अशा खुणांनी. उरलेल्यांवर दुसऱ्या फेरीत बोललं जातं. तिसऱ्या फेरीत पारितोषिकं ठरतात. विद्यार्थी विभागात त्याआधी महाविद्यालयाची स्वतःची चाळणी असते, त्यामुळे परीक्षकांपुढे येतं ते शिक्षकांनी आधीच पसंत केलेलं काम.

निवड करणं आणि पारितोषिक देणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं मला वाटतं आणि आपल्या चर्चेत त्यांची सतत सरमिसळ होते. प्रदर्शनासाठी निवड करताना अनेक प्रकारच्या कामांना शेजारी जागा द्यायची असते. पारितोषिकाच्या वेळी त्यांतल्या एकाला वेगळं काढायचं असतं. पहिल्या कामाला व्यापक नजर लागते, दुसऱ्याला ठाम पसंती. एकाच दुपारी तेच परीक्षक दोन्ही करतात, तेव्हा पारितोषिकाचे निकष नकळत पहिल्या चाळणीत शिरतात.

चाळणीत काम पाहण्याची रीतही निकाल बदलू शकते. २००६ मध्ये रॉयल अकॅडमीला डेव्हिड हेन्सेल या शिल्पकाराने हसऱ्या चेहऱ्याचं शिल्प, त्याचा चौथरा आणि आधाराचा लाकडी तुकडा पाठवला. चेहरा आणि चौथरा वेगळे झाले आणि समितीने ते स्वतंत्र प्रवेशिका समजून पाहिले. चेहरा नाकारला गेला, चौथरा आणि तुकडा प्रदर्शनात लागला. स्वतंत्र काम म्हणून त्याचं मूल्यमापन झालं होतं, असं अकॅडमीने सांगितलं. परीक्षकांच्या अभिरुचीचा दोष यातून सिद्ध होत नाही. हजारो वस्तू नोंदवताना, उचलताना आणि मांडताना जे घडतं तेही निवडीचाच भाग असतं, हे मात्र दिसतं.

तीन भूमिका

आजच्या वादात तीन भूमिका वेगळ्या ओळखता येतात.

पहिली भूमिका गुणवत्तेची. प्रदर्शन म्हणजे त्या वर्षीचं सर्वोत्तम काम. कोण कुठला, कोणत्या वयाचा, कोणत्या महाविद्यालयाचा याचा विचार करायचा नाही. ही भूमिका घेणारे सांगतात की राखीव जागा ठेवल्या की निवड झालेल्या कलावंताच्याच मनात शंका राहते आणि प्रेक्षकांचा प्रदर्शनावरचा विश्वास कमी होतो. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. ग्रामीण भागातल्या तरुण चित्रकाराला मुंबईतल्या कामाच्या बरोबरीने निवडलं जाण्यातून जो आत्मविश्वास मिळतो, तो वेगळ्या गटातून मिळत नाही.

दुसरी भूमिका प्रातिनिधिकतेची. प्रादेशिक प्रदर्शनाचं काम त्या प्रदेशात काय चाललंय ते दाखवणं हे आहे, असं हे लोक मानतात. निव्वळ गुणवत्ता म्हणून जे ओळखलं जातं ते बहुतेक वेळा विशिष्ट शिक्षणातून आलेलं असतं. जे. जे.मध्ये किंवा बडोद्याच्या कला विद्याशाखेत घडलेल्या परीक्षकाला तिथल्या भाषेतलं काम लगेच कळतं. गडचिरोलीतल्या किंवा सिंधुदुर्गातल्या स्वयंशिक्षित माणसाचं काम त्याला वेगळी मेहनत घेऊनच वाचावं लागतं, आणि एका मिनिटात ती मेहनत होत नाही. यात खर्चाचाही भाग आहे. चौकट, पेटी, मुंबईपर्यंतची वाहतूक आणि नाकारलं गेल्यास परतीचं भाडं हे सगळं कलावंताच्या खिशातून जातं. समितीसमोर येण्याआधीच एक निवड झालेली असते, आणि ती पैशाने झालेली असते.

तिसरी भूमिका मंडळाच्या पद्धतीवरच शंका घेते. पाच जणांनी तडजोड करून लावलेल्या भिंतींना आशय राहत नाही, त्यापेक्षा एका जाणत्या क्युरेटरने जबाबदारी घ्यावी, कलावंतांच्या स्टुडिओत जावं आणि आपल्या निवडीचं कारण लेखातून मांडावं, असं ही बाजू सांगते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेनंतर हे मत आपल्याकडे बळावलं. आक्षेपही लगेच येतो : प्रवेशिका भरून कोणीही दार ठोठावू शकतो, क्युरेटरच्या नजरेत येण्यासाठी मात्र ओळखीच्या वर्तुळात असावं लागतं. ओळख नसलेल्या माणसासाठी खुली प्रवेशिका हाच अनेकदा एकमेव दरवाजा असतो. मला या आक्षेपात तथ्य वाटतं, आणि मंडळाच्या पद्धतीचं सर्वांत भक्कम समर्थनही यातच आहे.

वास्तववादी आणि अमूर्त हा जुना झगडा या तिन्हींना छेदून जातो. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र करणाऱ्यांना वाटतं की परीक्षक नवतेच्या मागे आहेत. अमूर्त, मांडणशिल्प किंवा व्हिडिओ करणाऱ्यांना वाटतं की मंडळ अजून कोल्हापूर आणि जे. जे.च्या जुन्या कौशल्यातच रमलंय. एकाच प्रदर्शनाबद्दल एकाच वर्षी या दोन्ही तक्रारी येतात. त्यावर निघालेला एक मार्ग म्हणजे प्रकारवार वेगळी व्यासपीठं, जसं व्यक्तिचित्रकारांनी मुंबईत स्वतःचा गट उभारला. त्यामुळे ज्याच्या त्याच्या कामाला जाणकार परीक्षक मिळतात. तोटा हा की वेगवेगळ्या वाटांचं काम एका भिंतीवर पाहण्याची संधी प्रेक्षक गमावतो.

गुण, चर्चा आणि झाकलेली नावं

समितीने गुण द्यावेत की चर्चा करावी? गुणांचा फायदा उघड आहे : नोंद राहते, दबंग परीक्षकाचा आवाज इतरांवर चढत नाही. तोटा साध्या आकडेमोडीत दिसतो. पाच परीक्षकांनी एका कामाला दहापैकी प्रत्येकी ७ गुण दिले तर बेरीज ३५ होते. दुसऱ्या कामाला तिघांनी पैकीच्या पैकी १०, एकाने २ आणि एकाने १ दिला तर बेरीज ३३. तिघांच्या मनाची पकड घेणारं काम कोणालाच न खुपणाऱ्या कामाच्या मागे पडतं. सरासरी मधल्या चवीला झुकतं माप देते. यावर काही ठिकाणी प्रत्येक परीक्षकाला एक-दोन कामं स्वतःच्या जबाबदारीवर घेण्याचा अधिकार असतो. मला हा उपाय योग्य वाटतो. अट इतकीच की अशा निवडीवर परीक्षकाचं नाव लिहिलेलं असावं.

फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्ये मांडलं की प्रत्येक सदस्य निम्म्याहून अधिक वेळा बरोबर ठरत असेल आणि स्वतंत्रपणे निर्णय घेत असेल, तर सदस्य वाढवले की बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढते. मोठ्या समितीच्या बाजूने हा युक्तिवाद वापरला जातो. पण त्यातली ‘स्वतंत्रपणे’ ही अट कलासमितीत क्वचितच पाळली जाते. पाचही परीक्षक एका गुरुपरंपरेतले असतील तर पाच मतं मोजली जातात आणि दृष्टी एकच असते. संख्येपेक्षा परीक्षकांच्या घडणीतली विविधता महत्त्वाची, हा निष्कर्ष यातून निघतो आणि त्यावर तिन्ही बाजूंचं बरंचसं एकमत आहे.

नावं झाकण्याबाबत तसं नाही. २०१८ मध्ये बँक्सीने सांगितलं की दुसऱ्याच नावाने पाठवलेलं आपलं काम रॉयल अकॅडमीने नाकारलं आणि नंतर त्याच प्रदर्शनासाठी बँक्सी म्हणून काम मागितलं गेलं. नावाला किती वजन असतं ते दाखवायला हे उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी पडद्याआडून वादकांची परीक्षा घेतल्यावर स्त्रियांची निवड वाढली, असं गोल्डिन आणि राउझ यांनी २००० मध्ये मांडलं. त्यांच्या आकडेवारीच्या मजबुतीवर पुढे प्रश्न उपस्थित झाले, तरी पडद्याची कल्पना रुजली. चित्रकलेत अडचण अशी की स्वाक्षरी झाकली तरी हात झाकत नाही. महाराष्ट्राएवढ्या कलावर्तुळात ज्येष्ठ परीक्षक दहा-पंधरा वर्षं काम करणाऱ्याची शैली ओळखतो आणि स्वतःच्या विद्यार्थ्याची तर नक्कीच. शिवाय जिथे कलावंताचं जगणं आणि काम एकमेकांत गुंतलेलं असतं, तिथे नाव झाकणं म्हणजे अर्थाचा एक भाग झाकणं, असंही म्हणणारे आहेत. परीक्षकाने ओळखीचं काम आलं की बाजूला व्हावं, हा मधला मार्ग बहुतेकांना पटतो. तो नियमावलीत लिहिलेला मात्र फार क्वचित सापडतो.

पडद्यावरचं चित्र

अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा बदल म्हणजे पहिली फेरी छायाचित्रांवरून होते. आधी स्लाइड होत्या, आता जेपीईजी. दूरच्या कलावंताचा वाहतूकखर्च यामुळे वाचतो. प्रातिनिधिकतेच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा फार मोठा लाभ वाटतो आणि तो आहेच. पण पडद्यावर सहा फुटांचा कॅनव्हास आणि पोस्टकार्डाएवढं जलरंगचित्र सारख्याच आकाराचं दिसतं. अम्लरेखन केलेल्या मुद्राचित्रात कागदावर उठलेला दाब, तैलरंगाचा जाड थर, शिल्पाचं वजन आणि त्याभोवती फिरताना बदलणारी कड, हे काहीच येत नाही. ठळक छटाभेदाचं, एका दृष्टिक्षेपात कळणारं काम पडद्यावर जिंकतं. मंद छटांचं, जवळ जाऊन पाहावं लागणारं काम हरतं. त्यातही चांगलं छायाचित्र काढून घेणं ज्याला परवडतं तो पुढे राहतो, म्हणजे पैशाचा प्रश्न मिटला असं वाटतं तिथेच तो दुसऱ्या रूपात उभा राहतो. पहिली फेरी पडद्यावर आणि दुसरी प्रत्यक्ष कामावर अशी विभागणी आता रूढ होतेय. पहिल्या फेरीत जे गळलं त्याचं काय, याला तिच्याकडे उत्तर नाही.

अभ्यास काय सांगतात

कलासमित्यांचे निर्णय किती स्थिर असतात यावर थेट अभ्यास थोडेच आहेत, म्हणून शेजारच्या क्षेत्रांकडे पाहावं लागतं. कॅलिफोर्निया राज्यमेळ्याच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा चाखायला दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दहा टक्के परीक्षकांनाच तिन्ही वेळा एकाच पदकगटातले गुण देता आले. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वादनाचा क्रम चिठ्ठीने ठरतो. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी १९९६ मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या दिवशी वाजवणारे मागे राहतात आणि नंतरच्यांना वरचे क्रमांक मिळतात. पुढच्या एका अभ्यासात गिन्सबर्ग आणि व्हान ऊर्स यांना दिसलं की वरचा क्रमांक मिळालेल्यांची कारकीर्दही अधिक फुलते. म्हणजे चिठ्ठीने जे दिलं ते आयुष्यभर सोबत राहतं.

२०१४ मध्ये संगणकशास्त्राच्या एका मोठ्या परिषदेत आलेल्या निबंधांपैकी एक दशांश निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले गेले. सुमारे चतुर्थांश निबंधांबाबत समित्यांचं जमलं नाही, आणि एका समितीने स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक निबंध दुसरीने नाकारले. उघडपणे कच्च्या कामाबाबत समित्या सहमत होतात, मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र निकाल बराचसा योगायोगाचा असतो, असा या सगळ्याचा रोख आहे. वाइन, पियानो आणि निबंध यांवरून चित्रकलेबद्दल किती बोलता येईल, हा रास्त आक्षेप आहे. तरी शंभर कामांच्या जागेसाठी चढाओढ असताना शंभरावं आणि एकशे एकावं यांतला फरक गुणवत्तेचा आहे असं ठामपणे सांगणं कोणत्याही समितीला अवघड जावं.

प्रदेश कोणाचा

कोण पात्र, हा प्रश्न नियमावलीत एका ओळीत संपतो आणि प्रत्यक्षात सुटत नाही. वास्तव्य, जन्म की शिक्षण? नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरचे, त्यांचं अध्यापन बडोद्यात. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, मुंबईत शिकले, दिल्लीत स्थिरावले. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे ऑस्लोत राहिले. रझांचं गाव मध्य प्रदेशातलं आणि शिक्षण नागपुरात सुरू झालेलं. वास्तव्याचा नियम लावला तर यांतले बहुतेक आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर महाराष्ट्राच्या राज्य प्रदर्शनातून बाहेर राहतात. जन्माचा नियम लावला तर मुंबईत चाळीस वर्षं राबलेला बंगाली किंवा केरळी चित्रकार बाहेर जातो. वास्तव्याचा पुरावा तपासायला सोपा, म्हणून तो चालतो. त्यामागे विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतोच असं नाही.

आदिवासी आणि लोककलेचा प्रश्न याहून खोल आहे. वारली चित्रं कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांचं नाव देशापरदेशात पोचलं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तरीही प्रवेशिकेतल्या रकान्यांत वारली कलावंताने आपलं काम कुठे टाकायचं, रंगकलेत की लोककलेत, हे स्पष्ट नसतं. वेगळा विभाग ठेवला तर त्या कामाला जाणकार परीक्षक मिळतो, पण ते समकालीन कलेच्या बाहेर ढकललं जातं. एकाच विभागात घेतलं तर समान मान मिळतो, पण वैयक्तिक शैली हाच निकष असलेल्या समितीपुढे सामूहिक परंपरेचं काम टिकत नाही. जगदीश स्वामीनाथन यांनी १९८२ मध्ये भोपाळच्या भारत भवनात आदिवासी आणि नागर काम एका छताखाली मांडलं. संग्रहालयात ते साधलं. स्पर्धेच्या प्रदर्शनात कसं साधायचं, याचं पटण्याजोगं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

यंत्राने केलेली प्रतिमा

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यमेळ्यात, म्हणजे एका अस्सल प्रादेशिक स्पर्धेत, जेसन ॲलन यांच्या मिडजर्नी वापरून केलेल्या प्रतिमेला डिजिटल कला विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. प्रवेशिकेत मिडजर्नीचं नाव होतं, पण तो काय प्रकार आहे हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. कळलं असतं तरी निकाल तोच राहिला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं. त्यानंतर अनेक प्रदर्शनांनी बंदी, वेगळा विभाग किंवा माध्यम जाहीर करण्याची सक्ती यांपैकी काही ना काही स्वीकारलं. पडद्यावरच्या पहिल्या फेरीला हा धोका सर्वाधिक आहे. हा वाद इतका नवा आहे की भूमिका दर वर्षी बदलताहेत. आज त्यावर निर्णायक लिहिणं घाईचं होईल.

सुटलेलं आणि राहिलेलं

वेगवेगळ्या घडणीचे परीक्षक, दर वर्षी त्यांत बदल, विद्यार्थ्यांच्या कामाच्या वेळी त्यांच्या शिक्षकाने बाजूला होणं, शंकास्पद कामांना दुसरी नजर, आणि निवड व पारितोषिक यांच्यासाठी शक्य तिथे वेगळी बैठक, या मुद्द्यांवर आता फारसं कोणी वाद घालत नाही. अंमल हा पैशाचा आणि इच्छेचा प्रश्न आहे.

मूळ प्रश्न राहतो तो हेतूचा. सर्वोत्तम दाखवायचं की प्रदेशाचं चित्र उभं करायचं, हे आयोजक संस्था क्वचितच लिहून ठेवते, आणि परीक्षक आपापल्या समजुतीने ते ठरवतात. मग एका वर्षी निकाल एका दिशेला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या, आणि पक्षपाताचा संशय तिसऱ्याच माणसावर. हेतू आधी जाहीर झाला तर परीक्षकाचं काम हलकं होईल आणि कलावंताच्या नाराजीला निदान पत्ता मिळेल, असं मला वाटतं.

नाकारण्याचं कारण सांगावं का, यावर मतं दुभंगलेली आहेत. शेकडो कलावंतांना प्रामाणिक कारण लिहिणं परीक्षकांना झेपणार नाही, आणि छापील वाक्य पाठवलं तर ते नुसत्या नकाराहून जास्त लागतं. फक्त दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्यांना दोन ओळी लिहाव्यात, अशी सूचना अधूनमधून पुढे येते. कोवळ्या वयाच्या कलावंतांसाठी ती मोलाची ठरेल.

नोंदींचा प्रश्न त्याहून दुर्लक्षित आहे. पॅरिसच्या सलॉनच्या वह्यांत आलेलं काम, कलावंताचं नाव आणि समितीचा निर्णय लिहिलेला असे, म्हणून आज अभ्यासकांना कोण नाकारलं गेलं ते पाहता येतं. आपल्या कॅटलॉगमध्ये फक्त लागलेली कामं असतात. कोणत्या जिल्ह्यातून किती प्रवेशिका आल्या, त्यांतल्या किती टिकल्या, स्त्रियांचं प्रमाण पहिल्या आणि शेवटच्या फेरीत किती होतं, मुद्राचित्रं पडद्यावरच्या फेरीत जास्त गळतात का, यांची उत्तरं देता येतील एवढी माहिती ऑनलाइन प्रवेशिकांमुळे आता आपोआप जमा होते. ती किती वर्षं जपायची, नावं वगळून प्रसिद्ध करायची का आणि त्यासाठी प्रवेशिकेतच कलावंताची संमती घ्यायची का, हे संस्थांनी अजून ठरवायचं आहे.